घरघर आणि हापसा

आबा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आधी खाकरायचे. आमच्या गावाकडची ती रीत. सून आत असते, डोक्यावरचा पदर घसरलेला असतो; तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून सासऱ्याने उंबऱ्याच्या अलीकडे थांबून घसा साफ करायचा. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटला ना उंबरा, ना ओसरीचा सोपा. हॉलमधल्या दिवाणावरून उठलं की लगेच ओटा. तरीही आबा पुण्याला आले की दाराशी थांबून खाकरायचे आणि माझी बायको, जी एरवी दिवसभर गॅलरीतल्या मशिनवर साड्यांना पिको-फॉल करत गाणी गुणगुणते, ती गुणगुणणं थांबवून ओढणी डोक्यावर घ्यायची.

मी दोघांनाही सांगून पाहिलं.

"आबा, इथं कोण बघतंय?"

"कोन बघतंय म्हनून करतूय व्हय मी?" आबा म्हणाले.

बायकोने मला आत बोलावून दटावलं. "तुम्ही आमच्या मधे पडू नका. त्यांना बरं वाटतं, मला सवय आहे."

सासऱ्यांना ती मामा म्हणते, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्यांच्या समोरासमोर बसून बोललेली नव्हती. चहाचा कप ती स्टुलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. सणाला पाया पडताना बोटं पावलांना लागायची, तेवढाच काय तो स्पर्श. हे आधी सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यात अवघड काम कोणतं होतं ते त्याशिवाय कळणार नाही.

मी नर्स आहे. पुरुषाने असं सांगितलं की लोक क्षणभर थांबतात. दवाखान्यात आम्हाला 'ब्रदर' म्हणतात, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी मात्र आबा कुणी विचारलं की "पोरगं पुन्याला मोठ्या दवाखान्यात हाय" एवढंच सांगायचे आणि समोरच्याला जे समजायचं ते समजू द्यायचे. नगरपालिकेच्या मराठी शाळेतून मी निघालो. आमच्या घरात पदवी घेणारा पहिलाच. पहिल्या वर्षी इंग्रजीतली पुस्तकं उघडली की अक्षरं ओळखीची वाटायची आणि वाक्यं परकी. आम्हाला शिकवणाऱ्या एक वयस्क सिस्टर होत्या. त्या ड्युटी संपल्यावर माझ्याजवळ बसून एकेक परिच्छेद मराठीत समजावून सांगायला लावायच्या. "तुझ्या वडलांना कळेल असं सांग," म्हणायच्या. "त्यांना कळलं म्हणजे तुला कळलं." त्यांचं ते एक वाक्य मी आजही रोज वापरतो.

आबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. नदीकाठच्या पंपघरात मी त्यांचा डबा घेऊन जायचो. त्यामुळे हृदय बंद पडणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी मोटारीतून कळलं. सिस्टरांना मी ते मोटारीतूनच सांगितलं आणि पुढे शेकडो लोकांनाही तसंच सांगत आलो.

लोक हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यांना एकच समजतात. अटॅक म्हणजे पाइप तुंबणं. हृदयालाच रक्त पुरवणारी नळी चोंदते. माणसाच्या छातीत दुखतं, घाम फुटतो, जबडा किंवा डावा हात दुखतो. पण तो बहुतेक वेळा बोलत असतो, स्वतः रिक्षात बसतो. हृदय बंद पडणं म्हणजे मोटारच थांबणं. पाइप तुंबल्यामुळे मोटार बंद पडू शकते, किंवा दुसऱ्याही कारणाने. तेव्हा माणूस बोलत नाही. तो कोसळतो. पुष्कळदा हृदय एकदम गप्प होत नाही. तीन फेजपैकी एक फेज गेली की मोटार जशी नुसती गुरगुरते, थरथरते आणि थेंबभर पाणी उचलत नाही, तसं ते थरथरत राहतं. आबा तेव्हा धावत जाऊन मेन स्विच पाडायचे आणि नीट फेज आल्यावर पुन्हा स्टार्टर दाबायचे. हृदयाला शॉक देतात तो याचसाठी. थरथर मोडायची आणि हृदयाला आपल्या तालावर पुन्हा सुरू व्हायची संधी द्यायची.

पण शॉकचं यंत्र येईपर्यंत काय? तोपर्यंत हापसा. लाईट नसली की गावाला हापसा मारावा लागतो, आणि हापसा मारणाऱ्या कोणालाही एक गोष्ट माहीत असते. पहिले दहा-पंधरा दांडे कोरडे जातात. मग पाणी वर येतं. मधे हात थांबवला की पाणी पाइपातून खाली जातं, आणि पुन्हा तितकीच कोरडी मेहनत. छाती दाबताना अगदी तेच होतं. मधोमध, जोरात, सेकंदाला जवळजवळ दोनदा दाबायचं, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि थांबायचं नाही. थांबलं की मेंदूकडे चाललेलं रक्त खाली जातं.

दवाखान्याने मला हे बाहेर जाऊन शिकवायचं काम दिलं. महिला मंडळं, क्लासेस, सोसायट्या. माझ्याबरोबर एक रबरी पुतळा असतो. त्याला पाय नाहीत, कमरेपर्यंतच असतो, त्यामुळे स्कूटरच्या पुढच्या जागेत तो बरोबर बसतो. त्याच्या छातीत स्प्रिंग आहे. पुरेसं खोल दाबलं की 'टक्' असा आवाज येतो. वरवर दाबलं तर येत नाही. लोक त्या टक्‌साठी हट्टाला पेटतात, त्यामुळे शिकतातही चांगलं.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये घेतलेल्या वर्गाला समोरच्या फ्लॅटमधले काका आले होते. आयुष्य शनिवार पेठेत काढून निवृत्तीनंतर इकडे राहायला आलेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "पुतळा वाचला का?"

"म्हणजे काका?"

"नाही, मघापासून दाबताय, म्हणून चौकशी केली."

सगळे हसले, मीही हसलो. पण काका शेवटपर्यंत थांबले होते, हे मी पाहिलं. घरी बायकोसमोरही मी वर्गाचा सराव करायचो. लोडावर हात ठेवून मी दाबायचो आणि ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "खांदे हातांच्या बरोबर वर. कोपर वाकवू नका. पुढचं मी सांगू का?"

तर आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा आणि आत्या आमच्याकडे आले होते. आत्या आबांची थोरली बहीण. गावात कुणी जायला टेकलं की आत्याला बोलावणं यायचं. कुणाला किती वेळ उरला आहे हे ती श्वासावरून सांगायची, आणि लोक तिच्या शब्दावर पाहुण्यांना फोन करायचे. ऑपरेशन नीट झालं होतं. काळा मोठा चष्मा लावून ती दिवाणावर बसायची आणि पुण्यातल्या भाजीला नावं ठेवायची.

त्या दिवशी माझा वर्ग सदाशिव पेठेत होता. वर्ग संपवून, पुतळा पिशवीत घालून मी गल्लीत स्कूटरजवळ आलो आणि फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, मामा पडले."

"पडले म्हणजे? घसरले?"

"नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी आले. खाकरले नाहीत. मी वळून बघितलं तर चौकट धरून उभे होते आणि तसेच खाली बसले, मग आडवे झाले. आत्यांनी खांदे हलवले, हाका मारल्या. ओ देत नाहीत."

"श्वास?"

"घोरल्यासारखा येतोय. मधेच थांबतोय. परत येतोय."

तिच्या मागून आत्याचा आवाज आला. "घरघर लागलीया त्याला! पोराला म्हनावं हाय तसा निघ. त्याच्या हातचं पानी पडू दे बापाच्या तोंडात."

वर्गात मी हेच तर सांगतो. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटं असा आवाज करू शकतो. मेंदूच्या मुळाशी उरलेली शेवटची धडपड असते ती, खरा श्वास नव्हे. त्याने हवाही पुरेशी जात नाही आणि रक्तही फिरत नाही. पण आपल्याकडे ती घरघर म्हटली की लोक उठून उभे राहतात. कुणी पाणी आणतं, कुणी मुलाला फोन करतं, कुणी जवळच्यांना खोलीत बोलावतं. ज्या खुणेवर काम सुरू करायचं, तिलाच आपण काम संपल्याची खूण मानत आलो. आत्याने आयुष्यभर ती खूण बरोबरच ओळखली होती. त्या खुणेवर काय करता येतं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"फोन स्पीकरवर टाक आणि त्यांच्या डोक्याशी जमिनीवर ठेव," मी म्हणालो. "दार उघडून काकांना हाक मार. पाणी अजिबात पाजू नका."

काका आल्याचं मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

"काका, एकशे आठला फोन लावा. हृदय बंद पडलंय, छाती दाबणं सुरू आहे, असंच सांगा. मग खाली जाऊन गेटवर उभे राहा. लिफ्ट अडवून ठेवायला वॉचमनला सांगा."

"लावतो," काका म्हणाले. एवढंच. त्यांचं इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आता तू गुडघ्यावर बस," मी बायकोला म्हणालो. "तळवा छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात."

फोनमधून फक्त घरघर ऐकू येत होती.

"ठेवलास?"

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मामांना हात कसा लावू?"

तिला सगळं येत होतं. लोडावर पाहून पाठ झालं होतं. पुढे येत नव्हता तो फक्त हात. आणि आत्याने तेच मोठ्याने बोलून दाखवलं. "सुनंनं सासऱ्याच्या छातीला हात लावायचा न्हाई! आरं, तू ये आधी! काय करतुयास तितं?"

"मी येत नाही, आत्या."

"येत न्हाई म्हंजी?"

"गाडी चालवत मला बोलता येणार नाही. मी पोचेपर्यंत आबा राहणार नाहीत. मी इथंच थांबतो."

हे वाक्य मी ठामपणे बोललो. पाय मात्र स्कूटरकडे ओढत होते, खोटं कशाला सांगू. मुलगा म्हणून मी कुठे असायला हवा होतो हे मलाही माहीत होतं. पण ब्रदर म्हणून त्या क्षणी त्या फोनवर असण्याइतका उपयोगाचा मी दुसरीकडे कुठेच नव्हतो.

"ऐक," मी बायकोला म्हणालो. "तुमच्या शाळेमागचा हापसा कोण मारायचं?"

"मी."

"बाकीच्या पोरी?"

"त्यांना जड जायचा."

"तोच हापसा आहे. आबांची लाईट गेलीय. लाईट येईपर्यंत हापसा मार. मी इथं ताल देतो, त्याच्या बरोबर दाब."

मी पिशवीतून पुतळा काढला, गल्लीच्या कडेला फरशीवर ठेवला, फोन त्याच्या मानेशी टेकवला आणि दाबायला लागलो. टक्. टक्. टक्. टक्. थोड्या वेळाने पलीकडून तिच्या बांगड्या वाजू लागल्या. आधी माझ्या मागून, मग माझ्याबरोबर. मी डोळे मिटले. पुतळ्याच्या टक्‌ला लागून बांगड्या वाजत होत्या आणि मला त्यावरून तिचे हात दिसत होते.

"आणखी खोल."

"हाड वाजलं हो! काहीतरी कट्‌कन मोडलं!"

"मोडू दे. बरगडी जुळते. थांबू नकोस."

टक्, टक्, टक्. एवढ्यात माझ्या डोक्यावरून एक आवाज आला.

"आपण रस्त्यात बसला आहात, हे आपल्या लक्षात आहे का?"

समोरच्या दारातून बाहेर आलेले एक गृहस्थ होते. हातात किल्ली, स्कूटर काढायला निघालेले.

"माझ्या वडलांचं हृदय बंद पडलंय," मी हात न थांबवता म्हणालो.

त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. "हे?"

"घरी. फोनवर. बायको दाबतेय, तिला ताल देतोय."

ते वाकले. फोनमधून बांगड्या ऐकू येत होत्या आणि आत्या "आरं माझ्या बाळा" म्हणत होती. गृहस्थ सरळ झाले, आपली स्कूटर गल्लीत आडवी लावली आणि तिच्या पलीकडे उभे राहिले. कुणीतरी हॉर्न दिला.

"हॉर्न घरी जाऊन वाजवा," त्यांचा आवाज आला. "इथे काम चाललंय. मागे घ्या. हो, तुम्हालाच. दुसरा कोण आहे मागे?"

पुढचा वेळ किती गेला ते मी मोजलं नाही. बायकोला धाप लागलेली ऐकू येत होती. बांगड्यांचा आवाज हलका होऊ लागला. याचा अर्थ मला नीट कळतो. दमलेला माणूस ताल सोडत नाही, खोली सोडतो. वर्गात आम्ही दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतो. इथे बदलायला कोण होतं? काका गेटवर.

"दमलीस?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्या 'नाही'तच श्वास पुरला नाही.

तेवढ्यात आत्याने विचारलं, "ह्यानं व्हतंय काय रं?"

"होतंय आत्या. ती दाबतेय म्हणून रक्त फिरतंय. ती थांबली की थांबेल."

"सर बाजूला," आत्या म्हणाली. मला नाही, बायकोला. "ह्याला मी कडंवर वागवलाय. सर."

"आत्या, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय! वाकायचं नाही, जोर करायचा नाही!"

"डोळं गेलं खड्ड्यात! कुटं दाबू, दाव."

बायकोने तिचे हात धरून जागेवर ठेवले असणार. दोघींच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या. आणि मग एक वेगळा, जाड आवाज सुरू झाला. आत्याच्या पाटल्या. जात्यावर बसणाऱ्या बाईचा जोर होता तो. मी टक् द्यायचो आणि ती त्यावर "हं" म्हणायची. टक्, हं. टक्, हं. मधे बायकोने श्वास घेऊन ओढणी कमरेला बांधली. हे तिने मला नंतर सांगितलं. डोक्यावरून सारखी पुढे येत होती, म्हणून.

मग पुन्हा बायको, पुन्हा आत्या. माझे गुडघे फरशीवर सोलले होते, तेही नंतर कळलं.

शेवटी फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला आणि काकांचा, "इकडे, आत, डावीकडे. तुमच्या डावीकडे!" मग अनोळखी आवाज, वेगाने पण शांत. कापड कापल्याचा आवाज. "कुणीही हात लावू नका, बाजूला व्हा." यंत्राने भरत जाणारी शीळ घातली. एक क्षण काही नाही. "दाबणं सुरू करा." म्हणजे पुन्हा हापसा. मी पुतळ्यावरचे हात काढले नव्हते, पण आता माझ्या तालाची कुणाला गरज नव्हती. एकशे आठच्या गाडीतली माणसं तरबेज होती. तरी मी दाबतच होतो. थोड्या वेळाने पुन्हा "बाजूला व्हा."

मग फोन कुणीतरी उचलला.

"नाडी लागलीय," काका म्हणाले. "दवाखान्यात नेतायत, तुमच्याच. आता निघा. आणि रडत गाडी चालवू नका, समोरचं दिसत नाही."

मी उठलो तेव्हा ते गृहस्थ पुतळा उचलून उभे होते. "हा मी आत ठेवतो," ते म्हणाले. "सवडीने न्या. जा तुम्ही." काही दिवसांनी मी तो आणायला गेलो तर म्हणाले, "जरा आधी आला असतात तर बरं झालं असतं. आमची ही अंधारात बैठकीत गेली आणि याला बघून इतकी दचकली की तिलाच तुमच्या स्वाधीन करायची वेळ आली होती."

त्या संध्याकाळी आबांच्या हृदयाची तुंबलेली नळी उघडून त्यात स्टेंट बसवला. मग अतिदक्षता विभाग, श्वासाचं यंत्र आणि वाट पाहणं. हृदय सुरू झालं म्हणजे माणूस परत आला असं नसतं, हे मला नोकरीने शिकवलंय. मेंदूला किती सोसावं लागलं ते माणूस जागा झाल्यावरच कळतं. मी स्वतः पुष्कळ जणांच्या छातीवर नियमाने, मनापासून दाबलं आहे आणि तरी शेवटी हात मागे घेतले आहेत. त्यामुळे कुणी नातेवाइकाने विचारलं की "वाचतील ना?" तर मी खोटी खात्री देत नाही. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो. दाबायला कुणीच नसेल तर दर मिनिटाला संधी कमी होत जाते, आणि कुणी दाबत असेल तर ती जास्त वेळ टिकते. आबांची संधी दोन बायकांनी टिकवली होती. म्हणून काचेबाहेर उभा असताना मला भीती वाटत होती, पण हात रिकामे वाटत नव्हते.

बायको मात्र काचेजवळ येत नव्हती. बाकावर बसून राहायची.

"त्यांना कळल्यावर काय वाटेल?" तिने विचारलं.

"कळायला जागे तर होऊ देत."

आबा जागे झाले. घशातली श्वासाची नळी काढल्यावर त्यांनी डोळ्यांनी मला ओळखलं, हात दाबला, पाय हलवा म्हटल्यावर हलवले. ड्युटीवरच्या सिस्टरने गिळण्याची तपासणी करून सांगितलं की चमच्याने थोडं पाणी दिलं तरी चालेल. आत्या शेजारी उभी होती. डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला चांगलंच झापलं होतं, पण डोळा शाबूत होता. तिने काळ्या चष्म्यातून माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"आता दे," ती म्हणाली. "आता पोराच्या हातचं पी म्हनावं."

मी चमचा पुढे केला. आबा प्यायले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "गार नव्हतं व्हय?"

वॉर्डात आल्यावर त्यांची पहिली तक्रार छातीची. "कुनी लाथ घातली का काय मला? श्वास घ्यायला गेलं की कळ निघतीया." त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. आदल्या दिवसापासून छातीत जळजळत होतं आणि जबडा दुखत होता, हे मात्र आठवत होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू लगीच नळ्या लावल्या असत्यास."

"लावल्याच ना शेवटी?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं. पाइप तुंबला होता. मग मोटारीची फेज गेली, नुसती गुरगुरत होती. गाडीतल्या माणसांनी शॉक देऊन ती ट्रिप केली आणि पुन्हा चालू केली.

"एका ट्रिपमधी?"

"दुसऱ्या."

"आन् तवर?"

"तोवर हापसा."

"कुनी मारला?"

मी सांगितलं. आबांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांच्या छातीवर, शर्टाच्या उघड्या गळ्यातून, तळव्याएवढा निळा डाग दिसत होता. मला वाटलं, बायकोला ज्याची धास्ती होती तेच खरं ठरणार.

"लई वेळ मारला का?" त्यांनी विचारलं.

"गाडी येईपर्यंत. मधे आत्याने हात बदलला."

"पंपघरात मला बदली मानूस मागून मिळाला न्हाई कधी," आबा म्हणाले. आणि मग, अजून खिडकीकडेच बघत, "पोरीचं हात दुखत असतील. तेल लाव म्हनावं."

घरी आणलं तेव्हा त्यांना सावकाश चालायची परवानगी होती. मी सुट्टीवर होतो. दुपारी हॉलमध्ये गोळ्या लावत बसलो होतो. आबा दिवाणावरून उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि थांबले. बायको पाठमोरी होती, भाजी चिरत होती. ओढणी कमरेला बांधलेली. कामाला ती बरी पडते म्हणून त्या दिवसापासून ती तशीच बांधते. आबांनी सवयीने घसा साफ करायला श्वास घेतला आणि कळ आली. हात झटकन छातीवर गेला, तोंड वाकडं झालं. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. जमेना. खाकरता येत नव्हतं आणि न खाकरता आत जायची सवय नव्हती. आबा चौकटीशी तसेच उभे राहिले. मी उठणार होतो, पण बायकोचंच वाक्य आठवलं. मधे पडायचं नाही.

"पोरी," आबा म्हणाले. "येऊ का गं आत?"

सुरी थांबली. ती वळली, तिचा हात सवयीने डोक्याकडे गेला, तिथे ओढणी नव्हती. कमरेची गाठ सोडायला हात खाली आला आणि गाठीवरच राहिला.

"या की मामा," ती म्हणाली. "विचारताय काय? ते स्टूल घ्या. उभं राहायचं नाही जास्त वेळ."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग आबांचा. "भाजी कसली म्हनायची ही?"

"दुधी. तुम्हाला चालतो तेवढाच आता."

"दाबायला कुनी सांगितलं हुतं मग? दुधी खायाला?"

ती हसली. मोठ्याने, त्यांच्यासमोर. बाहेर दिवाणावर आत्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, मी गोळ्यांकडे पाहिलं.

आबांच्या बरगड्या केव्हाच जुळल्या. आता खाकरताना दुखत नाही, आणि गावाकडच्या घरी शेजारपाजारच्या सुना आल्या की ते अजूनही नीट घसा साफ करूनच सोप्यावर येतात. आमच्याकडे आले की मात्र दारातूनच हाक येते, "पोरी, येऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता ते स्टूल ओढतात.